घाटूळबाबूंचा अबुलिया

परभणीच्या दवाखान्यातून राधाकिशन घाटूळ मानवतला परतले ते संध्याकाळी साडेपाचच्या बसनं. पण त्यांना कोणता आजार झालाय ही बातमी गल्लीत पावणेचारलाच पोचली होती.

यात दोष त्यांचाच. बसस्थानकावर उभं राहून त्यांनी घरी फोन लावला, आणि गाव जितकं लांब तितका आवाज मोठा ठेवावा लागतो, अशी त्यांची फोनबद्दलची पक्की समजूत होती. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीच्या तळाशी लिहिलेला इंग्रजी शब्द त्यांनी एकेक अक्षर करून बायकोला वाचून दाखवला. सविताबाईंनी तो कानावर आला तसा मोठ्यानं परत म्हणून बघितला. समोरच्या पार्वतीबाई तेव्हा घाटूळांच्याच ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. त्यांना ‘अबोला’ असं ऐकू आलं. तूर तशीच सुपात ठेवून त्या उठल्या.

तसं पाहिलं तर बाबूंना काही झालंच नव्हतं. ते मानवतच्या एका शाळेत सव्वीस वर्षांपासून लिपिक होते, म्हणून सगळं गाव त्यांना घाटूळबाबू म्हणे. सासूबाईसुद्धा शेवटपर्यंत बाबूच म्हणाल्या. गेले काही महिने त्यांना थकवा वाटत होता. सकाळी उठल्यावर वाटे, संध्याकाळी वाटे, आणि रविवारी तर फार वाटे. पुण्याला नोकरीला असलेली त्यांची मुलगी राजेश्री हिनं फोन करकरून त्यांना परभणीला धाडलं. रक्त तपासलं, लघवी तपासली, छातीचा फोटो काढला. सगळं चांगलं निघालं. हे बाबूंना जरा अपमानास्पदच वाटलं. एवढ्या लांब येऊन माणसाचं काहीच निघू नये म्हणजे काय.

डॉक्टर संघप्रियाताई वयानं राजेश्रीएवढ्याच. त्यांनी कुठं दुखतं हे विचारलंच नाही. सध्या काय चाललंय, हे विचारलं. बाबू बोलायला लागले. गिझर आणून तीन वर्षं झाली, खोक्यातच आहे, बसवायचं बघू म्हटलं. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलीय, नवा करायचं बघू म्हटलं. पाठीमागच्या भिंतीला ओल आलीय, उन्हाळ्यात बघू म्हटलं, तर उन्हाळा गेला. डॉक्टरीणबाई कागदाच्या कोपऱ्यात बारीक रेघा ओढत होत्या. सातवी रेघ ओढून झाल्यावर त्यांनी खाली तो शब्द लिहिला आणि त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह टाकलं. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाल्या. गोळी दिली नाही. राहिलेल्या कामांपैकी कोणतंही एक पूर्ण करायचं आणि महिन्यानं येऊन सांगायचं, एवढंच औषध.

शब्दाचा अर्थ विचारावा असं बाबूंना फार वाटलं. पण विचारलं तर आपण अडाणी ठरू, आणि न विचारलं तर बेफिकीर ठरू, याचा ते विचार करत होते तेवढ्यात पुढचा पेशंट आत येऊन त्यांच्याच स्टुलावर अर्धा टेकला.

इथं ‘बघू’ या शब्दाविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. हा शब्द काही घाटूळबाबूंनी शोधून काढला नव्हता. कचेऱ्यांमधून तो पूर्वापार चालत आलेला आहे. पण त्यांच्या तोंडी तो नकार नसायचा, हे त्यांच्या बाजूनं म्हटलं पाहिजे. होकारही नसायचा. अंगातला सदरा काढून खुंटीला अडकवावा तसं ते काम त्या शब्दाला अडकवून ठेवत, आणि अडकवलं की ते झालं असंच त्यांच्या मनाला वाटे.

मानवतला उतरल्यावर त्यांनी आधी मेडिकल गाठलं. दुकानदारानं चिठ्ठी उलटसुलट करून बघितली, दोन कप्पे शोधले, आणि सांगितलं की हा माल आजकाल येत नाही, दुसऱ्या कंपनीचा देऊ का. बाबूंनी बघू म्हटलं आणि घरी आले.

घरी ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती. पार्वतीबाई बरोबर मध्ये बसल्या होत्या, पुढं धपाट्यांचा डबा होता. त्यांनी बाबूंना एका बाजूला बसवलं, सविताबाईंना दुसऱ्या बाजूला बसवलं, आणि नवरा-बायकोतला अबोला ही गोष्ट किती वाईट, यावर त्यांच्या सासरच्या चार उदाहरणांसकट बोलल्या. डॉक्टरला रक्तातसुद्धा कळावं, म्हणजे किती दिवसांचा असेल, हेच त्यांना लागून राहिलं होतं.

“आमचा अबोला न्हाई वो काकू,” सविताबाई म्हणाल्या. “आमी बोलतो.”

“आज काय बोल्लात?” पार्वतीबाईंनी विचारलं.

सविताबाईंनी आठवून बघितलं. “सकाळी नळाला पाणी आलं म्हनले मी. ते बरं म्हनले.”

पार्वतीबाईंनी धपाट्यांचा डबा मुकाट्यानं दोघांच्या मधोमध सरकवला.

शब्दाचा निकाल लावायला शेवटी सिद्धोधन सरांना बोलवावं लागलं. सर गल्लीच्या टोकाला राहत. त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत त्यांना एकाही माणसानं एकाही शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. ते इस्त्रीचा सदरा घालून, काखेत जाडजूड शब्दकोश घेऊन आले. पाणी नको म्हणाले. चष्मा पुसला, पान काढलं, आणि स्पेलिंग जुळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघून बाबूंचा आजार किती वेळ तरी सगळे विसरूनच गेले.

सरांनी सांगितलं ते असं. शब्द मुळात ग्रीकांचा. पहिला ‘अ’ म्हणजे नाही, आपल्यासारखाच. ‘बूले’ म्हणजे इच्छा. आपण इकडं ज्याला इरादा म्हणतो ते. पण ग्रीकांमध्ये बूले म्हणजे सल्लासुद्धा, आणि सल्लामसलत करायला बसणाऱ्या सभेचं नावही बूलेच. अथेन्स शहरात पाचशे माणसांची अशी बूले भरायची. त्यामुळं जुन्या काळी अबुलिया म्हणजे सल्ल्यावाचून, विचारावाचून वागणं. पुढं दोनएकशे वर्षांखाली जर्मनीतल्या डॉक्टरांनी हा शब्द उचलून रोगाला लावला. माणसाला सगळं कळतं, हातपाय धड असतात, पण उठून करावं असा जोर आतून येत नाही, त्याला ते अबुलिया म्हणायला लागले. तिथून तो इंग्रजीत आला.

“म्हणजे आळसच की,” बाबू पडेल आवाजात म्हणाले.

“नाही. आळशी माणसाला काम नकोच असतं,” सर म्हणाले. “तुम्हाला पाहिजे असतं, घाटूळ. फक्त इरादा होत नाही. आणि हे बघा, डॉक्टरांनी पुढं प्रश्नचिन्ह टाकलंय. इंग्रजीत प्रश्नचिन्हाला फार किंमत असते.”

बाबूंना वाईट वाटलं, हे खरं. पण अगदीच वाईट वाटलं असं नाही. गल्लीत शुगर चौघांना होती, बीपी सगळ्यांनाच होतं. अथेन्सहून निघून जर्मनी, इंग्लंड करत मानवतला पोचलेला आजार मात्र त्यांना एकट्यालाच झाला होता.

अडचण अशी झाली की सरांच्या एवढ्या व्याख्यानातून गल्लीनं एकच गोष्ट उचलली: बाबूंना सल्ला कमी पडलाय. दुसऱ्या दिवसापासून तो यायला लागला. पाचशे नाही, पण पंधरा-सोळा माणसांची बूले घाटूळांच्या ओसरीवर रोज भरायला लागली. कुणी पहाटे गार पाण्याची अंघोळ सांगितली. कुणी कारल्याचा रस सांगितला आणि करून आणलाही. तो बाबूंना सगळ्यांदेखत प्यावा लागला. महा-ई-सेवा केंद्र चालवणाऱ्या चंद्रभाननं त्यांच्या मोबाईलमध्ये दर तासाला वाजणारी घंटी लावून दिली. ती कशासाठी वाजते हे कुणालाच नीट ठरवता आलं नाही, आणि बंद कशी करायची हे चंद्रभानलाही सापडलं नाही. शाळेत मुख्याध्यापकांच्या बैठकीत ती दोनदा वाजली. एका गृहस्थानं तर कुणाचाही सल्ला ऐकू नका असा सल्ला दिला, आणि तो समजावून सांगायला तो चहा होईपर्यंत बसला.

चौथ्या दिवशी गर्दी पांगल्यावर बाबू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले. सविताबाई मेथी निसत होत्या. एक काम पूर्ण करायला सांगितलंय, तर घरातलं माझ्याकडून राहिलेलं कोणतं काम आधी घेऊ, असं त्यांनी विचारलं. गिझर घ्यावा का भिंत, असा प्रश्न त्यांच्या डोक्यात होता.

सविताबाईंनी हातातली मेथीची जुडी बाजूला ठेवली.

“माझा सतरा नंबरचा फॉर्म ऱ्हायलाय,” त्या म्हणाल्या.

शाळा सुटलेल्या माणसाला बाहेरून परीक्षेला बसायचं असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. तो भरून देण्यात घाटूळबाबूंचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. ट्रकवाले, सरपंच, लग्न होऊन आलेल्या सुना, एकदा तर साठ वर्षांचे एक कीर्तनकार, सगळ्यांचे फॉर्म त्यांनी भरले होते. सविताबाई दहावी पास होऊन या घरात आल्या होत्या. राजेश्री तिसरीत असताना त्या एकदा म्हणाल्या होत्या, बारावीचा माझाही भरा की. बाबूंनी बघू म्हटलं. राजेश्री दहावीला गेली तेव्हा परत म्हणाल्या. बघू म्हटलं. ती पुण्याला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा तिसऱ्यांदा. त्यानंतर त्या काही म्हणाल्या नाहीत.

बाबूंना गिझर आठवला होता, चष्म्याची काडी आठवली होती, ओल आलेली भिंत आठवली होती. डॉक्टरीणबाईंना सांगितलेल्या सात कामांमध्ये हे आलंच नव्हतं. उंबऱ्यावर बसल्या बसल्या त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं. पण हा थकवा नेहमीचा नव्हता. नेहमीचा बसवून ठेवायचा, यानं बसवेना.

शेवटची तारीख चार दिवसांवर होती. त्यांना ती पाठ होती, कारण शाळेच्या फलकावर ती नोटीस त्यांनीच चिकटवली होती.

फॉर्मला सविताबाईंचा शाळा सोडल्याचा दाखला लागणार होता. तो त्यांच्या माहेरच्या शाळेतून आणायचा होता, चारठाण्याच्या अलीकडच्या एका गावातून. दुसऱ्या दिवशी दोघं सकाळच्या बसनं निघाले. परभणीला बदलली, जिंतूरला बदलली. सोयाबीनच्या राशीचे दिवस, बसमध्ये माणसांपेक्षा पोती जास्त. सविताबाई खिडकीशी बसल्या आणि परभणी सुटल्यावर बोलायला लागल्या. या वळणावर त्यांच्या मैत्रिणीचं सासर होतं. दहावीला भूमितीचा पेपर होता त्या दिवशी त्यांच्या पायात चपला नव्हत्या, वडिलांनी स्वतःच्या दिल्या, त्या एवढ्या मोठ्या होत्या की हातात धरूनच सविताबाई पळाल्या. बाबू ऐकत होते. जिंतूर येईपर्यंत त्यांना कळलं की आपल्या बायकोला भूमिती आवडायची.

शाळेच्या ऑफिसात रामहरी नावाचे लिपिक बसलेले होते. टेबल थेट बाबूंच्या टेबलासारखं. तसाच वाळलेला शिक्क्याचा पॅड, तसाच काचेखाली सरकवलेला देवाचा फोटो. बाबूंनी काम सांगितलं.

“बघू,” रामहरी मान वर न करता म्हणाले. “जुनी रजिस्टरं हायत. हप्त्याभरानं या.”

घाटूळबाबू जागच्या जागी थांबले. सव्वीस वर्षं त्यांनी हा शब्द टेबलाच्या त्या बाजूनं सोडला होता. या बाजूला तो कसा येऊन लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. तो लागत नाहीच मुळी. माणूस फक्त आपोआप दाराकडं वळतो. सविताबाई खरोखरच दाराकडं वळल्या होत्या, आणि वळताना त्यांच्या तोंडावर राग नव्हता, नाराजी नव्हती, काहीच नव्हतं. सवय होती.

बाबूंनी सांगून बघितलं की आपणही लिपिकच आहोत. मग तर तुमाला सगळं ठावं असंल, असं रामहरी सहानुभूतीनं म्हणाले. बाबूंना ठाऊक होतंच. कपाटाची किल्ली शिक्क्यांच्या डब्याखाली असते, रजिस्टर सापडायला दहा मिनिटं लागतात आणि दाखला लिहायला पंधरा, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पण त्यांनी भांडण केलं नाही. भांडायला निर्णय लागतो.

“आम्ही बसतो,” ते म्हणाले, आणि समोरच्या बाकावर बसले.

आता बसणं हा घाटूळबाबूंचा प्रांत होता. त्यात त्यांच्यापुढं टिकेल असा माणूस परभणी जिल्ह्यात तरी नसावा. ते हलले नाहीत, खाकरले नाहीत, पंख्याकडं बघत राहिले. रामहरींनी एक फाईल उघडली, मिटली, दुसरी उघडली. अकरा वाजता बाबूंच्या खिशात चंद्रभानची घंटी वाजली. बारा वाजता वाजली. एक वाजता वाजली तेव्हा रामहरींनी विचारलं की ही कशाची घंटी आहे, आणि बाबूंनी खरं ते सांगितलं, की त्यांनाही माहीत नाही. दीड वाजता रामहरींनी शिक्क्यांचा डबा उचलून खालची किल्ली काढली.

रजिस्टरचं पान सापडलं. रामहरींनी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, “राणी सटवाजी घनसावंत.”

“हजर,” बाकावरून उठून उभं राहत सविताबाई म्हणाल्या.

तिघंही दचकले, सविताबाई सगळ्यांत जास्त. त्यांनी पदर तोंडाशी नेला. ते हसू होतं का आणखी काही, हे बाबूंना नीट दिसलं नाही.

राणी हे नाव ते विसरले नव्हते, पण ते कुणा दुसऱ्याच बाईचं असल्यासारखं लांब पडलं होतं. घाटूळांच्या घरात एक राणी आधीच होती, त्यांची काकू; म्हणून लग्नात नाव बदललं. ताटातल्या तांदळांवर अंगठीनं ‘सविता’ अशी अक्षरं बाबूंनीच काढली होती. त्या वेळी त्यांना तांदूळ विस्कटायची काळजी होती. समोर बसलेल्या मुलीला काय वाटतं हे बघायचं राहून गेलं होतं.

रामहरींनी दाखला सुंदर अक्षरात लिहिला. वर्तणूक चांगली, प्रगती उत्तम. शिक्का मारताना ते हळूच म्हणाले, “राग मानू नका बाबू, पर तुमच्यासारखा बसनारा मानूस न्हाई पाह्यला.” बाबूंनी तो मान म्हणून घेतला.

आता दाखल्यावर राणी आणि आधार कार्डावर सविता. दोन्ही बायका एकच आहेत असं शपथपत्र करणं आलं. तिसऱ्या दिवशी तहसीलसमोरच्या टायपिस्टाकडं ते गेले. ओळखणारे दोन साक्षीदार पाहिजे होते. गल्लीतून अकरा जण आले. पहिल्या साक्षीदार पार्वतीबाई. टायपिस्टानं मजकूर वाचून दाखवला की राणी सटवाजी घनसावंत व सविता राधाकिशन घाटूळ ही एकच व्यक्ती असून तिला मी चांगली ओळखते. पार्वतीबाईंनी विचार केला आणि सही करायला नकार दिला. सविताला तीस वर्षांपासून ओळखते, पण राणीला कधी बघितलेलं नाही. आणि शपथेवर खोटं बोलणार नाही. टायपिस्टानं समजावलं, चंद्रभाननं समजावलं, सिद्धोधन सरांनी शेजारच्या वकिलांची खुर्ची मागून घेऊन समजावलं. बाई ऐकेनात. खरं सांगायचं तर त्यांची अडचण बाबूंना पटत होती. कालच्या बसमध्ये खिडकीशी बसून भूमितीविषयी बोलणाऱ्या बाईला ते तरी कुठं ओळखत होते.

शेवटी सविताबाई पुढं झाल्या. “काकू, मीच राणी हाय,” त्या म्हणाल्या. “दिसत न्हवते, पर हुते.”

पार्वतीबाईंनी त्यांच्याकडं डोळे बारीक करून बघितलं, आणि पेन मागितला.

शेवटच्या दिवशी दुपारी दोन वाजता सगळी मंडळी चंद्रभानच्या केंद्रात जमली. फॉर्म ऑनलाईन भरायचा होता. फोटो मोठा झाला म्हणून संगणकानं परत केला, लहान केला तर फार लहान झाला म्हणून परत केला. लाईट गेली. आली तेव्हा भरलेलं सगळं पुसलं गेलं होतं. मग शाखा निवडायचा रकाना आला, आणि बाबू म्हणाले की याबाबत सरांशी, राजेश्रीशी आणि जमलं तर मुख्याध्यापकांशी बोलून मग काय ते ठरवावं. ओसरीवरची बूले तिथंच भरली. सर कला म्हणाले, चंद्रभान वाणिज्य म्हणाला, कारल्याचा रस आणणारे विज्ञानावर अडून बसले. सविताबाईंनी पाच मिनिटं ऐकून घेतलं.

“कला लाव, चंद्रभान,” त्या म्हणाल्या. “इतिहास, भूगोल, आन् इंग्रजी तर हायच. सर शिकवतील.”

सरांनी सदऱ्याची कॉलर नीट केली.

पावणेसहाला शेवटचं पान आलं. वरील माहिती खरी असून फॉर्म सादर करू इच्छितो, आणि खाली निळं बटण. हे बटण बाबूंनी दाबायचं, असं गल्लीनं आधीच ठरवलेलं होतं, कारण औषध त्यांचं होतं. चंद्रभाननं खुर्ची दिली, माऊस हातात दिला. सगळे मागं उभे राहिले.

बाबूंचं बोट माऊसवर होतं. त्यांना वाटलं, नापास झाली तर. लोक हसले तर. या वयात डोळ्यांना त्रास झाला तर. शंका एकामागून एक येत होत्या आणि प्रत्येक शंका रास्त होती. त्यांनी सहज बाजूला बघितलं. सविताबाई पडद्याकडं बघत नव्हत्या. त्या त्यांच्या बोटाकडं बघत होत्या, आणि तहसीलसमोर, चारठाण्याच्या वाटेवर त्यांच्या चेहऱ्यावर जे हळूहळू आलं होतं ते परत आत जायच्या बेतात होतं.

बाबू खुर्चीवरून उठले.

“तू दाब,” ते म्हणाले. “फॉर्म तुझा आहे.”

सविताबाई खुर्चीवर बसल्याही नाहीत. उभ्याउभ्याच वाकून त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली.

याला काम पूर्ण केलं म्हणायचं की नाही, यावर गल्लीत अजून एकमत नाही. बटण दुसऱ्यानं दाबलं, म्हणजे औषध लागू पडलं नाही, असं चंद्रभानचं मत. खुर्ची सोडणं हासुद्धा इरादाच, असं सिद्धोधन सरांचं. महिन्यानं बाबू परभणीला गेले तेव्हा डॉक्टर संघप्रियाताईंनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, जुन्या चिठ्ठीवरचा शब्द खोडला, प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं, आणि पेपर कधीपासून आहेत ते विचारलं.

पेपर फेब्रुवारीत होते. सविताबाई चार महिने सिद्धोधन सरांकडं जात होत्या, आणि सर तोंडावरचा आनंद लपवण्यासाठी त्यांच्यावर ओरडत होते. पहिला पेपर इंग्रजीचा. बाबूंनी रजा टाकली, पाण्याची बाटली आणि पॅड हातात घेऊन त्यांना फाटकापर्यंत सोडलं, आणि कडुलिंबाखाली इतर आईबापांत जाऊन उभे राहिले. सोनपेठकडचे एक पागोटंवाले म्हातारे शेजारी बसले होते. त्यांचा नातू आत होता. त्यांनी विचारलं, तुमचं कोन हाय आत, पोरगं का पोरगी?

“बायको,” बाबू म्हणाले.

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं बघितलं, मग शाळेकडं बघितलं, आणि आपला गमजा आणखी पसरून त्यांना बसायला जागा केली.

सविताबाई बाहेर आल्या त्या बोलतच आल्या. पत्र बरोबर आलं होतं, उताऱ्याचा एक प्रश्न राहून गेला होता, बाजूची पोरगी त्यांना मावशी म्हणून पेन मागत होती. बाबू बाटली आणि पॅड सांभाळत मागून चालत होते. घराच्या वळणावर त्या थांबल्या.

“पुढच्या पेपराला तुमी येऊ नका,” त्या म्हणाल्या. “तुमी हुबं हायत म्हनलं की माझं ध्यान फाटकाकडंच जायलंय.”

बाबूंना लागलं. रजा वाया गेल्याचंही लागलं. पण त्यांनी बरं म्हटलं.

पुढच्या पेपराच्या दिवशी सविताबाई पहाटेपासून वाचत बसल्या होत्या. बाबूंनी स्वतः पीठ मळलं. भाकरी थापताना ती प्रथम गोल होती, मग लांबली, आणि तव्यावर पडेपर्यंत तिला तीन टोकं फुटली. सविताबाई पॅड घेऊन निघाल्या. बाबू दारात उभे राहिले. त्या गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या आणि मागं न बघता वळल्या.

दुपारी ऑफिसात बाबूंनी ती भाकरी फडक्यातून काढली. शेजारच्या टेबलावरचे शिपाई बघून न बघितल्यासारखं करत होते. एक टोक करपलं होतं, एक कच्चं राहिलं होतं. बाबूंनी दोन्ही खाल्ली, वर पाणी प्यायले, आणि घड्याळाकडं बघितलं. पेपर सुटायला अजून वीस मिनिटं होती.